फायबर ऑप्टिक केबल टाकतानाचे धोके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केबल ओढणारे कामगार, जॉइंट करणारे तंत्रज्ञ, त्यांचे पर्यवेक्षक आणि ज्यांच्या भिंतीतून केबल आत येते असे ग्राहक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विषयवार गठ्ठे लावले, तर लेझरविषयीच्या प्रश्नांचा गठ्ठा सर्वांत जाड भरतो. या कामात जीव मात्र जातात ते माती, वीज, वायू, उंची आणि वाहने यांमुळे. म्हणून लेझरची उत्तरे आधी दिली असली, तरी घाईत असलेल्या वाचकाने प्रश्न १२ ते १६ प्रथम वाचावेत.

१. फायबरमधून वीज वाहतच नाही, मग या कामात धोका कशाचा?

काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही हे खरे आहे, आणि आवरण शाबूत असलेली केबल हाताळल्याने कोणाला इजा होत नाही. परंतु केबल म्हणजे केवळ काच नव्हे. बाहेरच्या कामासाठी बनवलेल्या अनेक केबलमध्ये पन्हाळी पोलादी पत्र्याचे चिलखत, मधोमध पोलादी तार किंवा जमिनीखालचा मार्ग शोधण्यासाठी घातलेली तांब्याची तार असते, आणि हे सर्व धातू वीज वाहून नेतात. शिवाय केबल ज्या ज्या जागेतून न्यायची ती प्रत्येक जागा, मग तो विजेचा खांब असो, मॅनहोल असो की रस्त्याकडेचा चर, स्वतःचा धोका घेऊनच येते. फायबरचे स्वतःचे असे धोके दोनच : न दिसणारा प्रकाश (प्रश्न २ ते ६) आणि न दिसणारी काच (प्रश्न ७ ते १०).

२. तुटलेल्या फायबरच्या टोकाकडे चुकून पाहिले. डोळा जाईल का?

घरगुती जोडणीच्या फायबरबाबत अशी शक्यता जवळजवळ नाही. घरापर्यंत पोहोचणारा प्रकाश वाटेतल्या स्प्लिटरमध्ये विभागला गेल्यामुळे साधारण −८ ते −२७ डीबीएम (प्रकाशशक्ती मोजण्याचे एकक; ० डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट) इतकाच उरतो. −२० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. त्याशिवाय उघड्या टोकातून निघणारा झोत वेगाने पसरतो आणि वीतभर अंतरावर काही सेंटिमीटर रुंद होतो, त्यामुळे बाहुलीतून आत शिरणारा अंश फारच थोडा असतो.

तरीही हा दिलासा सर्वत्र लागू पडत नाही, आणि त्याची कारणे समजून घ्यावीत. सुमारे ४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातून आरपार जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो. फायबरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ८५० आणि १३१० नॅनोमीटर या तरंगलांबी याच पट्ट्यात येतात. १४९० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचण्याआधीच पारपटल आणि डोळ्यातील द्रव यांत शोषला जातो, म्हणून तो तुलनेने सौम्य मानतात. शक्ती जास्त असेल तर मात्र तो पारपटलच भाजतो. यांपैकी कोणताही प्रकाश नीट दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही, आणि दृष्टिपटलाला वेदना नसल्यामुळे इजा होत असतानाही काही जाणवत नाही.

खरी जोखीम भिंगाने पाहण्यात आहे. कनेक्टरचे टोक स्वच्छ आहे की नाही हे तपासण्यासाठी २०० किंवा ४०० पटींची थेट डोळ्याला लावायची सूक्ष्मदर्शके अजूनही अनेकांच्या पिशवीत असतात. पसरलेला झोत हे भिंग पुन्हा गोळा करते आणि सरळ डोळ्यात सोडते. ज्यात प्रतिमा पडद्यावर दिसते अशीच तपासणी उपकरणे वापरावीत. जुने थेट सूक्ष्मदर्शक फेकून द्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पेटीत राहिले की कधीतरी घाईत वापरले जातेच.

पाहिल्यानंतर डाग दिसणे, दृष्टी धूसर होणे किंवा सरळ रेषा वाकड्या दिसणे असे काही जाणवले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि कोणत्या तरंगलांबीचा व किती शक्तीचा प्रकाश होता हे लिहून सोबत न्यावे.

३. प्रकाश दिसतच नाही, तर फायबर चालू आहे की बंद हे ओळखायचे कसे?

पॉवर मीटरने, म्हणजे प्रकाशाची शक्ती मोजणाऱ्या उपकरणाने, आणि तोवर प्रत्येक फायबर चालू आहे असेच धरून चालावे. मोबाइलचा कॅमेरा टोकासमोर धरून पाहण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती ८५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी बहुधा चालते, कारण त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याचा सेन्सर काही प्रमाणात प्रतिसाद देतो. पण सिलिकॉनचा सेन्सर सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. १३१०, १४९० किंवा १५५० नॅनोमीटरचा प्रकाश कितीही प्रखर असला तरी पडदा काळाच राहतो. काळा पडदा पाहून ‘बंद आहे’ असा निष्कर्ष काढणे हे न तपासण्यापेक्षा वाईट.

तुटलेल्या केबलमध्ये दोन्ही टोके तपासावीत. एकाच फायबरमधून दोन्ही दिशांना प्रकाश सोडणाऱ्या जोडण्या आता सर्वत्र आहेत, त्यामुळे एका बाजूचा लेझर बंद केला म्हणून दुसऱ्या तुटक्या टोकातून प्रकाश येणार नाही असे नसते. आणि ‘आता बंद केले आहे’ हे फोनवर ऐकून काम सुरू करणाऱ्याने, ते पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही त्याच फोनवर विचारून घ्यावे.

४. लाल लाइटचा पेन तर डोळ्यांना दिसतो. तो तरी सुरक्षित असतो ना?

सर्वच पेन सारखे नसतात. तुटलेली जागा शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या पेनमध्ये साधारण ६३५ ते ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर असतो. १ मिलिवॅटपर्यंतचा पेन वर्ग २ मध्ये मोडतो. तेथे पाव सेकंदात पापणी मिटण्याच्या नैसर्गिक क्रियेवर सुरक्षितता अवलंबून असते. पण बाजारात ५, १० आणि ३० मिलिवॅटचेही पेन मिळतात. ५ मिलिवॅटच्या पुढचा पेन वर्ग ३बी मध्ये जातो आणि त्याच्या थेट झोतासमोर पापणी वेळेवर मिटत नाही. जास्त शक्तीचा पेन ‘लांबवर जातो’ म्हणून विकत घेतला जातो, आणि मग तोच चार मीटरच्या पॅचकॉर्डवर (उपकरणे जोडण्याच्या छोट्या केबलवर) वापरला जातो, ही या कामातील नेहमीची विसंगती आहे. पेन लावण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला कोणी वाकून पाहत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

५. उपकरणावर ‘वर्ग १’, ‘१एम’, ‘३बी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

हे वर्ग आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकातून आले आहेत. वर्ग १ म्हणजे अपेक्षित वापरात सुरक्षित. १एम म्हणजे उघड्या डोळ्यांना सुरक्षित, पण भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लावल्यास धोकादायक. प्रश्न २ मध्ये सांगितलेली अडचण ती हीच. ३आर मध्ये थेट पाहणे टाळायचे असते, ३बी मध्ये थेट झोत डोळ्याला इजा करतो, आणि वर्ग ४ मध्ये परावर्तित प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो व त्वचा भाजू शकते.

येथे एक गोम आहे. उपकरणावरचा वर्ग हा उपकरण पूर्ण बंदिस्त असतानाचा असतो. फायबर उघडल्यावर त्या विशिष्ट जागी किती प्रकाश बाहेर पडू शकतो, यासाठी आयईसी ६०८२५-२ मध्ये ‘धोका पातळी’ ही वेगळी मोजणी आहे. वर्ग १ चे उपकरण ज्या जाळ्याला जोडलेले आहे, त्या जाळ्यातील एखाद्या जॉइंटची धोका पातळी १एम किंवा ३बी असू शकते. म्हणून यंत्राच्या पाठीवरची चिठ्ठी वाचून जॉइंटविषयी निर्णय घेऊ नये.

६. लांब पल्ल्याच्या लाइनवर प्रकाश आपोआप कमी होतो असे सांगतात. मग काळजी कशाला?

लांब पल्ल्याच्या लाइनवर प्रकाशवर्धक, विशेषतः रामन प्रकारचे, काही शे मिलिवॅट आणि कधी एका वॅटपेक्षाही अधिक शक्ती फायबरमध्ये ढकलतात. फायबर तुटल्यावर ही शक्ती आपोआप कमी करणारी यंत्रणा त्यांत असते आणि ती सहसा चोख काम करते. परंतु चाचणीसाठी किंवा चालू करण्याच्या दिवशी ती मुद्दाम बंद ठेवलेली असू शकते, आणि नेमके त्याच दिवशी जाळ्यावर सर्वाधिक माणसे काम करत असतात.

अशा लाइनवर चालू अवस्थेत कनेक्टर काढू नये. टोकावर धुळीचा कण असेल तर तो क्षणात तापून काच जळते. एक वॅटच्या आसपास किंवा त्याहून अधिक शक्ती असताना तेथून ‘फायबर फ्यूज’ सुरू होऊ शकतो, म्हणजे फायबरचा गाभा वितळत वितळत साधारण सेकंदाला एक मीटर या वेगाने प्रकाशाच्या उगमाकडे नष्ट होत जातो. तो थांबवण्यासाठी लेझर बंद करावा लागतो. केबल धरून काही उपयोग नाही.

७. फायबरचे कुसळ बोटात गेले, तर ते रक्तातून हृदयापर्यंत जाते का?

ही भीती इतक्या वेळा व्यक्त होते की तिला स्वतंत्र प्रश्न द्यावा लागला. त्वचेत शिरलेले कुसळ रक्तवाहिनीतून प्रवास करत हृदय गाठते, ही कामाच्या जागी पसरलेली दंतकथा आहे. कुसळ जिथे शिरले तिथेच राहते, तुटते, टोचत राहते, आणि काढले नाही तर त्याभोवती सूज किंवा जंतुसंसर्ग होतो. तेवढाही त्रास टाळण्याजोगा आहे.

आवरण काढलेल्या फायबरचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असतो. काच पारदर्शक असल्याने त्वचेवर ती दिसत नाही. एकदा दिवसभराच्या जॉइंटच्या कामानंतर माझ्या मनगटाला शर्टाची बाही लागली की टोचत होते, आणि दिव्याखाली काहीच दिसत नव्हते. शेवटी खोलीतला दिवा मालवला आणि टॉर्च त्वचेला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा केसाएवढी एक चमक उभी राहिली. चिमट्याने ती शिरली होती त्याच कोनात ओढली, तर बाहेर आलेला तुकडा तिळाएवढाही लांब नव्हता.

पद्धत हीच आहे : आडवा प्रकाश, भिंग, टोकदार चिमटा. त्या जागी दाबू नये, घासू नये आणि दातांनी तर मुळीच काढू नये. तुकडा आत तुटला असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि तो काचेचा आहे हे आवर्जून सांगावे.

८. आणि तुकडा डोळ्यात गेला तर?

डोळा चोळू नये; चोळल्याने पारपटलावर ओरखडे उठतात. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने सावकाश धुवावे. रुतलेला तुकडा स्वतः काढण्याचा प्रयत्न न करता डोळ्यावर दाब न देता आच्छादन ठेवून रुग्णालयात जावे. बाजूंनीही बंद असलेला सुरक्षा चष्मा सोलताना आणि कापताना घातलाच पाहिजे. लेन्स वापरणाऱ्यांसाठी एक जादा सूचना अशी की, बहुतेक तुकडे उडून डोळ्यात जात नाहीत. ते बोटावर चिकटून, घरी लेन्स काढताना डोळ्यात जातात. त्यामुळे लेन्सला हात लावण्यापूर्वी बोटांना चिकटपट्टी लावून काढावी आणि मग साबणाने हात धुवावेत.

९. काचेची धूळ फुप्फुसात जाऊन ॲस्बेस्टॉससारखा आजार होतो का?

फायबर सोलण्याने किंवा जोडण्याने नाही. फुप्फुसात खोलवर पोहोचणारे तंतू साधारण ३ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, तर फायबर १२५ मायक्रॉनचा असतो. ॲस्बेस्टॉस उभा चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होतो. फायबरची काच आडवी तुटते आणि जाडी तीच राहते.

श्वसनाचा खरा धोका या प्रश्नात कोणी विचारत नाही. अरुंद चर कापण्यासाठी काँक्रीट किंवा डांबर कापताना आणि भिंतीला भोक पाडताना सिलिकाची जी सूक्ष्म धूळ उडते, ती वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास सिलिकोसिस होतो. त्यासाठी पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढणारे यंत्र लावावे, आणि त्याच्या जोडीला मास्क. जुन्या इमारतीच्या छताच्या किंवा भिंतीच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असेल, तर तपासणी होईपर्यंत भोक पाडूच नये.

१०. कापलेले तुकडे टाकायचे कुठे?

झाकणाच्या, कडक भिंतीच्या आणि वर ठळक सूचना लिहिलेल्या डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तुकडे आरपार येतात आणि कचरा उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. काम काळ्या चटईवर करावे, कारण तेथे तुकडा निदान चमकतो. चटई झटकू नये. चिकटपट्टीने टिपून घ्यावी. क्लीव्हरमधून (फायबर कापण्याच्या हत्यारातून) किती तुकडे निघाले आणि डब्यात किती पडले हे मोजण्याची सवय काहींना वेडगळ वाटते. बारा जोडांना चोवीस तुकडे पडायला हवेत आणि डब्यात तेवीसच आहेत, हे कळल्यावर चोविसावा शोधणे सोपे जाते. त्या जागी खाणे, पिणे, तंबाखू मळणे वर्ज्य.

११. स्प्लायसिंग (फायबरची टोके वितळवून जोडणे) हातमोजे घालून होत नाही. मग हात कसे जपायचे?

उघड्या फायबरच्या कामात बोटांची जाण लागते, म्हणून तेथे मोजे नसतात किंवा पातळ असतात, हे मान्य आहे. परंतु हाताच्या बहुतेक जखमा त्या टप्प्यावर होत नाहीत. त्या होतात बाहेरचे आवरण सोलताना : सुरी घसरते, पोलादी चिलखताची कड पात्यासारखी कापते, मजबुतीसाठी घातलेल्या काच-राळेच्या दांडीची कुसळे हातात जातात. हे काम पूर्ण होईपर्यंत काप न लागणारे मोजे घालावेत आणि सुरीऐवजी गोल फिरणारे सोलणी-हत्यार वापरावे. केबलमधील पांढऱ्या-पिवळ्या धाग्यांसाठी खास कात्री मिळते. साध्या सुरीने ते धागे ओढत बसणारा माणूस शेवटी स्वतःचा अंगठा कापतो.

रसायनांबाबत एवढेच : स्वच्छतेसाठी वापरले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुमारे १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेण्याजोगी वाफ देते, आणि स्प्लायसरमध्ये विद्युत ठिणगीने काच वितळवली जाते. बाटलीचे झाकण लावून ती दूर ठेवावी, पुसलेला फायबर वाळल्यावरच आत ठेवावा. मॅनहोलच्या आत स्प्लायसर चालवण्याऐवजी केबलचा जादा वेटोळा वर काढून गाडीत किंवा तंबूत काम करावे. तो वेटोळा आधीच राखून ठेवण्याचे मुख्य कारण हेच आहे.

१२. मॅनहोल फक्त फायबरचे आहे, गटाराचे नाही. त्यात उतरण्यापूर्वी वायू तपासायची खरोखर गरज आहे का?

आहे, प्रत्येक वेळी. डक्ट म्हणजे जमिनीखालची लांबलचक नळी. शेजारच्या गटारातील, गळक्या गॅसवाहिनीतील किंवा कुजणाऱ्या मातीतील वायू तिच्यातून वाहत येऊन तुमच्या चेंबरमध्ये (मॅनहोलच्या आतल्या खोलीत) साचतात. मॅनहोल कोणत्या कंपनीचे आहे याच्याशी वायूला देणेघेणे नसते. गंजणारे लोखंड आणि कुजणारा पालापाचोळाही बंद जागेतील प्राणवायू खाऊन टाकतात, तेथे कोणताही ‘विषारी’ वायू नसताना माणूस कोसळतो.

झाकण पूर्ण उघडण्यापूर्वी त्याच्या भोकातून नळी आत सोडून पहिली तपासणी करावी. मग वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजावे, कारण मिथेन हवेपेक्षा हलका म्हणून वर आणि हायड्रोजन सल्फाइड जड म्हणून खाली साचतो. प्रत्येक पातळीवर नळीतून हवा वायू मोजणाऱ्या मीटरपर्यंत पोहोचायला वेळ द्यावा. हवेत २०.९ टक्के प्राणवायू असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली किंवा २३.५ टक्क्यांच्या वर असेल तर उतरू नये. मिथेन ५ ते १५ टक्के असताना ठिणगीने स्फोट होतो, आणि मीटर त्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवरच इशारा देईल असे लावलेले असते.

आकडे वाचण्याचाही क्रम आहे : प्राणवायू आधी. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या सेन्सरला स्वतःला प्राणवायू लागतो. तो कमी असेल तर सेन्सर वायूचे प्रमाण खरे आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. नाकावर विसंबू नये. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाक काही मिनिटांत बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो.

१३. मीटरने एकदा ‘ठीक’ दाखवले, मग काम संपेपर्यंत निर्धास्त राहता येते का? आणि आत उतरलेला सहकारी उत्तर देत नसेल तर?

एकदाची तपासणी त्या क्षणापुरती असते. साचलेले पाणी किंवा गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो. डक्टचे बूच काढले की पलीकडची हवा आत येते. वर उभ्या गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड खाली उतरतो. म्हणून मीटर अंगावर सतत चालू हवा, पंख्याने बाहेरची हवा आत जात राहिली पाहिजे, आणि पंख्याचे तोंड गाडीच्या धुराड्यापासून दूर हवे.

सहकारी उत्तर देत नसेल, तर खाली उतरू नये. हे लिहिणे सोपे आणि पाळणे अतिशय अवघड आहे, म्हणूनच अशा अपघातांत पहिल्यामागोमाग धावलेला दुसरा आणि तिसरा माणूसही दगावतो. वर थांबणाऱ्याचे काम आधी ठरलेले असावे : मदतीसाठी फोन करणे, पंखा चालू ठेवणे, आणि उतरलेल्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराने तिपाईवरील कप्पीच्या साहाय्याने त्याला वर ओढणे. तिपाई आणि दोर गाडीत बांधून ठेवलेले असतील, तर ते नसल्यासारखेच.

१४. नकाशात तेथे दुसरी कोणतीही वाहिनी नाही. तरी हाताने खोदून पाहायला का सांगतात?

नकाशा कोणी काढला, तेव्हा रस्त्याची पातळी काय होती आणि त्यानंतर कोण काय टाकून गेले, हे नकाशा सांगत नाही. लोकेटर धातूची वाहिनी शोधतो. प्लॅस्टिकची गॅसवाहिनी किंवा धातू नसलेली फायबर केबल त्याला थेट सापडत नाही. म्हणून दुसरी वाहिनी ओलांडायची अशा प्रत्येक जागी हाताने किंवा निर्वात-खोदाईने (माती शोषून घेणाऱ्या यंत्राने) खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहावी.

आडव्या ड्रिलिंगमध्ये, म्हणजे चर न खोदता जमिनीखालून भोक पाडत डक्ट नेण्यात, एक विलंबाने फुटणारा धोका आहे. ड्रिलचा दांडा नकळत गटाराच्या नळीतून आरपार जातो आणि त्यामागे ओढलेला डक्ट तिच्यात आडवा अडकून राहतो. त्या दिवशी काहीच होत नाही. फायबरऐवजी गॅसवाहिनी अशी गेली असेल आणि काही वर्षांनी तुंबलेले गटार फिरत्या पात्याने साफ केले गेले, तर गॅस थेट घरांत शिरतो. त्यामुळे ड्रिलिंगनंतर आसपासची गटारे कॅमेऱ्याने तपासणे हा कामाचाच भाग समजावा.

चराबाबत : एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. दीड मीटरच्या आसपास खोली गेली की आधार किंवा उतार दिल्याशिवाय कोणी आत उतरू नये, आणि भुसभुशीत जमिनीत त्याआधीही नाही. काढलेली माती चराच्या काठाला टेकवून रचू नये.

१५. धातू मुळीच नसलेली केबल विजेच्या तारांजवळून नेली तर चालते ना?

अशी केबल त्यासाठीच बनवतात, तरी ‘धातू नाही’ म्हणजे ‘वीज वाहत नाही’ असे उघड्या हवेत धरून चालता येत नाही. ओले, धूळ किंवा मीठ साचलेले आवरण पृष्ठभागावरून वीज वाहू देते, आणि उच्च दाबाच्या तारांच्या विद्युतक्षेत्रात अशा केबलवर कोरडे पट्टे तयार होऊन त्यांवरून ठिणग्या उडतात, आवरण जळते. ओढायचा दोर ओला असेल तर त्यालाही हेच लागू आहे. शिवाय ही केबल टांगण्यासाठी वापरलेली पोलादी ताणतार, शिडी आणि गाडीचा बूम (माणसाला वर उचलणारा लांब हात) हे धातूच आहेत.

बहुतेक जीवघेणे अपघात केबल हातात असताना होत नाहीत, तर ती ओढताना होतात : ताण सुटतो, तार झोका खाते आणि वरच्या विजेच्या तारेला लागते. ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून विजेच्या कामाचे विशेष प्रशिक्षण नसलेल्या माणसाने आणि यंत्राने किमान सुमारे ३ मीटर दूर राहावे, हा व्यापकपणे वापरला जाणारा नियम आहे. दाब अधिक असेल तर अंतरही अधिक. स्थानिक नियम याहून कडक असेल तर तोच पाळावा. खांबावरील धातूला हात लावण्यापूर्वी परक्या विजेचा तपास करावा, ताणतारेला अर्थिंग द्यावे, आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की खाली उतरावे. वीज कित्येक किलोमीटर दूर पडली तरी लांब ताणतार ती तुमच्यापर्यंत आणते.

१६. खांब वरून धडधाकट दिसतो. चढण्याआधी काय तपासायचे?

लाकडी खांब जमिनीच्या रेषेपाशी आणि तिच्या थोडा खाली कुजतो, म्हणून वरचा भाग पाहून काही कळत नाही. बुंध्याभोवतीची माती थोडी उकरावी, हातोडीने ठोकत वर जावे. टणक लाकूड खणखणीत वाजते आणि हातोडी उसळते, पोकळ लाकूड भद्द आवाज देते. संशय असेल तर बूम-गाडी आणावी. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाइतका दूर ठेवावा आणि चढणाऱ्याने पट्टा वर पोहोचल्यावर नव्हे, तर निघण्यापूर्वीच अडकवावा.

उंचीची चर्चा करताना रस्ता विसरला जातो. खांबाखाली उभ्या माणसाला वाहनापासून असलेला धोका वर चढलेल्याच्या धोक्याइतकाच खरा आहे. रस्त्यावर आडवी लोंबणारी केबल उंच ट्रकमध्ये अडकली, तर ती खांबासकट खेचली जाते. केबल ओलांडून नेईपर्यंत वाहतूक थांबवावी.

१७. डक्टमध्ये हवेने केबल फुंकताना चेंबरमध्ये थांबून पाहिले तर काय बिघडते?

फुंकण्यासाठी वापरली जाणारी हवा साधारण ८ ते १५ बार दाबाची असते; मोटारीच्या टायरमध्ये २ ते २.५ बार असते. डक्टचा सांधा निसटला किंवा केबलचे टोक अचानक बाहेर आले, तर त्याचा फटका बंदुकीच्या गोळीसारखा बसतो. दूरच्या टोकाला कोणीही डक्टच्या तोंडासमोर उभे राहू नये, दाब असेपर्यंत चेंबरमध्ये कोणी नसावे, आणि दोन्ही टोकांमध्ये सतत बोलणे चालू असावे. दाब शून्य झाल्याचे मीटरवर पाहूनच सांधे सोडावेत.

विंचने ओढताना दोर ताणात ऊर्जा साठवतो. तो तुटला तर ज्या रेषेत ताणलेला आहे त्याच रेषेत परत येतो. त्या रेषेत उभे राहू नये, दोर ओलांडू नये. ड्रमला पाचर लावून ठेवावी, आणि वेटोळ्याची शेवटची गाठ कापताना चेहरा बाजूला ठेवावा, कारण दाबून बांधलेली केबल स्प्रिंगसारखी उसळते.

१८. जुनी, बंद पडलेली केबल काढून टाकायची आहे. ती तर बिनधोक कापता येते ना?

येथेच अनुभवी माणसेही फसतात. पहिला प्रश्न ती तीच केबल आहे का, हा. काळ्या आवरणातील फायबर केबल आणि काळ्या आवरणातील वीजवाहिनी चेंबरच्या अंधारात सारख्याच दिसतात. छापील खूण, दोन्ही टोकांकडून पटवलेली ओळख आणि शक्य तेथे केबल-ओळख यंत्र यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कटर लावू नये. केबलमध्ये धातू असेल तर तो कुठे अर्थ केलेला आहे हेही पाहावे, आणि त्यातील फायबर बंद असल्याची खात्री प्रश्न ३ मधील पद्धतीने करावी.

दुसरा प्रश्न, ती केबल काय धरून उभी आहे. वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी सारखा ताण असल्यामुळे बुंध्यात कुजलेला खांबही सरळ उभा राहतो. एका बाजूची ताणतार कापली की तो ताण एकतर्फी होतो आणि खांब कापणाऱ्या माणसासह दुसऱ्या बाजूला झुकतो. अशा ठिकाणी आधी खांबाला तात्पुरते दोर बांधून ताण द्यावा, ताणतार पकडीत घेऊन हळूहळू सैल करावी आणि पूर्ण सैल झाल्यावरच कापावी. माणूस खांबावर नसावा. काम बूम-गाडीतून, खांब पडू शकेल त्या दिशेच्या बाहेर राहून करावे.